जबाबदारी दोघांची, पण निम्मी-निम्मी नाही

मोटार आणि सायकल यांची धडक झाली की बघ्यांचे दोन गट पडायला फार वेळ लागत नाही. एक गट म्हणतो, गाडीवाले माजलेत. दुसरा म्हणतो, सायकलवाल्यांना कुठे नियम असतात? मग एखादे समंजस गृहस्थ पुढे येतात आणि 'टाळी एका हातानं वाजत नाही' असं म्हणून विषय मिटवतात. माझं भांडण पहिल्या दोघांशी थोडं आहे, या समंजस गृहस्थांशी जास्त.

'जबाबदारी दोघांचीही आहे' हे त्यांचं म्हणणं खोटं नाही, अर्धवट आहे. ते ऐकणारा मनातल्या मनात वाटणीही करून टाकतो आणि ती निम्मी-निम्मी असते. रस्त्यावर मात्र तशी वाटणी होऊ शकत नाही. ज्याच्या हातून जास्त नुकसान होऊ शकतं, त्याच्या पदरात जबाबदारीही जास्त पडते. सायकलस्वाराच्या वाट्याला कमी येते, पण ती वेगळ्या जातीची असते आणि तीही झटकता येत नाही. शिवाय या दोघांच्या वर एक तिसरा असतो, जो अपघाताच्या जागी कधीच सापडत नाही. त्याच्याकडे नंतर येऊ.

आधी साधा हिशेब. सायकल आणि तिच्यावरचा माणूस मिळून 85 किलो धरू, वेग ताशी 20 किलोमीटर. त्यांची गतिज ऊर्जा होते सुमारे 1,300 ज्यूल. दीड टनाची मोटार ताशी 50 किलोमीटरनं येत असेल, तर तिची ऊर्जा भरते जवळपास 1,45,000 ज्यूल, म्हणजे शंभर पटींहून जास्त. सायकलस्वार कितीही बेफाम असला तरी मोटारीत बसलेल्याचा जीव त्याच्या धडकेनं सहसा जात नाही. आरसा मोडेल, पत्रा चेपेल, चालकाचा दिवस खराब होईल. उलट बाजूनं मात्र क्षणभराची डुलकी किंवा मोबाइलवर टाकलेली एक नजर सायकलस्वाराला आयुष्यातून उठवायला पुरते. ही विषमता कुठल्या कायद्यानं आणलेली नाही आणि कुठल्या पक्षाच्या बाजूचीही नाही. ती वजन आणि वेग यांची आहे.

वेगाचं गणित तर आणखी डोळे उघडणारं आहे. समोर काही आलं हे कळून पाय ब्रेकवर पडेपर्यंत साधारण एक सेकंद जातो. ताशी 50 किलोमीटरला त्या एका सेकंदात गाडी 14 मीटर पुढे सरकते आणि कोरड्या रस्त्यावर चांगले ब्रेक असले तरी थांबायला आणखी तेवढीच जागा घेते. एकूण 28 मीटर. ताशी 30 ला हेच आकडे 8 आणि 5, म्हणजे एकूण 13 मीटर. याचा अर्थ असा की, ज्या जागी 30 नं येणारी गाडी पूर्ण थांबलेली असते, त्याच जागी 50 नं येणाऱ्याचा पाय नुकताच ब्रेकला लागत असतो. गाडीचा वेग अजून तसाच्या तसा आहे. वस्तीतून, शाळेच्या रस्त्यावरून जाताना चालकानं काय काय करावं याची यादी मोठी करता येईल, पण मला विचाराल तर पहिली, दुसरी आणि तिसरी गोष्ट वेग हीच आहे. बाकीचं सगळं त्यानंतर.

ब्रिटनच्या 'हायवे कोड' या वाहतूक नियमावलीत 29 जानेवारी 2022 पासून हे तत्त्व लेखी आलं. ज्याच्यामुळे जास्तीत जास्त हानी होऊ शकते, त्यानं इतरांना असलेला धोका कमी करण्याची जास्तीत जास्त जबाबदारी घ्यायची, अशी उतरंड तिथे घातली गेली. यावर तिथे बरीच आरडाओरड झाली की, आता सायकलवाल्यांना रान मोकळं. आरडाओरड करणाऱ्यांनी पुढचं वाचलेलं दिसत नाही. याच नियमात पुढे म्हटलंय की, पादचाऱ्यांच्या बाबतीत हीच जबाबदारी सायकलस्वारावर येते आणि या उतरंडीमुळे कुणाचीही स्वतःची जबाबदारी संपत नाही. मला हे महत्त्वाचं वाटतं, कारण यात 'मोटारवाला' आणि 'सायकलवाला' अशा दोन जाती ठरवलेल्या नाहीत. मोटारीसमोर दुबळा असलेला सायकलस्वार फुटपाथवर चढला, की आजीबाईंच्या दृष्टीनं तोच दांडगा असतो.

नेदरलँड्सचा कायदा यापेक्षा पुढे जातो आणि त्याच्याबद्दल गैरसमजही जास्त आहेत. तिथल्या वाहतूक कायद्याचं 185 वं कलम सांगतं की, मोटारीची पायी चालणाऱ्याला किंवा सायकलस्वाराला धडक बसली तर नुकसानभरपाई मोटारमालकानं द्यायची, आपल्या हाताबाहेरचं कारण होतं हे त्यानं सिद्ध केलं तरच सुटका. सायकलस्वार मूल 14 वर्षांखालचं असेल तर जवळजवळ नेहमीच पूर्ण भरपाई. मोठा माणूस असेल आणि त्याचीही चूक असेल तरी निदान निम्मी, जाणूनबुजून किंवा तशाच बेफिकिरीनं अंगावर येणारे सोडून. पण हे सगळं भरपाईचं आहे, गुन्ह्याचं नाही. चालकाला तुरुंगात टाकायचं की नाही हा प्रश्न वेगळा चालतो आणि तिथे त्याचा दोष रीतसर सिद्धच करावा लागतो. भरपाईचे पैसे विमा कंपनी देते. 'तिकडे सायकलवाल्याचं सगळं माफ असतं' असं छातीठोक सांगणाऱ्यांपैकी फार थोड्यांना हा फरक ठाऊक असतो.

यावर हमखास एक आक्षेप येतो: अशा कायद्यानं सायकलस्वार आणखी बेफिकीर होतील. हा आक्षेप मला कधी पटला नाही. सायकलस्वारानं आपलं हाड आधीच पणाला लावलेलं असतं. नंतर कधीतरी भरपाईचा चेक मिळेल या आशेवर कुणी डंपरखाली जात नाही. विमा असलेला, सीटबेल्ट लावलेला, एअरबॅगच्या मागे बसलेला माणूस बेफिकीर होण्याची शक्यता त्यापेक्षा कितीतरी जास्त आहे.

आता एक प्रसंग जवळून पाहू. ट्रक सिग्नलला उभा आहे. चालकाला रस्त्याच्या कडेच्या बाजूला वळायचंय. मागून आलेला सायकलस्वार ट्रक आणि कडा यांच्यामधल्या मोकळ्या पट्टीतून पुढे सरकतो आणि केबिनच्या शेजारी येऊन थांबतो. उंच केबिनमध्ये बसलेल्या चालकासाठी तो खिडकीखालच्या पत्र्याआड दडलेला आहे. सिग्नल सुटतो. ट्रक आधी सरळ पुढे जातो, मग वळतो. लांब गाडीची मागची चाकं पुढच्या चाकांच्या वाटेनं जात नाहीत, आतून जातात. सायकलस्वाराला वाटतं, पुढचं चाक तर निघून गेलं, आता जागा आहे. ती जागा मागचं चाक घेतं.

इथे चूक कुणाची? सायकलस्वारानं वळणाऱ्या ट्रकच्या आतल्या बाजूला शिरायलाच नको होतं. सायकल चालवणाऱ्या प्रत्येकाला हँडल धरायला शिकवताना हे शिकवायला हवं, इतकी ती मूळची गोष्ट आहे. चालकानं निघण्यापूर्वी तिन्ही आरसे पुन्हा बघायला हवे होते, इंडिकेटर आधीपासून चालू हवा होता. पण एवढ्यावर थांबलो तर आपण पुन्हा त्या टाळीवाल्या गृहस्थांच्या रांगेत जाऊन बसलो. जिच्यातून शेजारचा माणूस दिसतच नाही अशी केबिन शहरात आणायची परवानगी कुणी दिली? लंडननं 2021 पासून 12 टनांवरच्या ट्रकना चालकाला केबिनमधून थेट किती दिसतं त्यानुसार तारे द्यायला आणि त्याप्रमाणे परवाने द्यायला सुरुवात केली. कमी दिसणाऱ्या गाडीला जादा कॅमेरे आणि सेन्सर लावावे लागतात. खिडकी खालपर्यंत काचेची असलेल्या केबिन बनवता येतात, बनतातही. आणि चौकात वळणाऱ्या ट्रकला आणि सरळ जाणाऱ्या सायकलला एकाच वेळी हिरवा दिवा कुणी दिला? तो दिवा काही सायकलस्वारानं लावला नव्हता आणि ट्रकचालकानंही नाही.

'दिसलाच नाही हो' हे अपघातानंतर चालकांच्या तोंडून सर्वांत जास्त ऐकू येणारं वाक्य. लोक त्याला थाप समजतात. पुष्कळदा ती थाप नसते. पुढच्या काचेच्या दोन्ही बाजूंचे खांब हल्ली जाड झालेत, कारण गाडी उलटली तर छत दबू नये म्हणून ते मजबूत केलेले असतात. आतल्या माणसाला वाचवणारा तोच खांब बाहेरच्याला झाकतो. चौकाकडे मोटार एका रस्त्यानं आणि सायकल दुसऱ्या रस्त्यानं येत असेल आणि दोघांची एकाच क्षणी तिथे गाठ पडणार असेल, तर चालकाच्या नजरेत सायकलची दिशा जवळजवळ बदलत नाही. ती खांबाआड असेल तर खांबाआडच राहते, अगदी शेवटपर्यंत. शिवाय घाईत बघणारा डोळा मोटारीएवढं काही येतंय का ते शोधतो, सायकलचा बारीक आकार त्यातून निसटतो. पण 'दिसलं नाही' हे खरं असलं तरी त्यानं सुटका होत नाही. खांब आहे हे चालकाला माहीत असतं. मान पुढे-मागे हलवून दुसऱ्यांदा बघायला अर्धा सेकंद लागतो आणि तो अर्धा सेकंद ज्यानं गाडी रस्त्यावर आणली त्यानंच द्यायचा आहे.

रस्त्यावरचे बरेचसे वाद एकमेकांची अडचण न कळण्यातून होतात. सायकलस्वार कडेला चिकटून न जाता एक-सव्वा मीटर आत चालतो. मागचा चालक हॉर्न वाजवतो: हा रस्ता काय तुझ्या बापाचा? सायकलस्वार तिथे चाललाय, कारण कडेला गाड्यांची रांग उभी आहे आणि त्यातल्या कुठल्याही गाडीचं दार कुठल्याही क्षणी उघडू शकतं. उघडलेलं दार साधारण मीटरभर बाहेर येतं. त्याची कड थेट हँडलला लागते आणि स्वार फेकला जातो मागून येणाऱ्या गाडीसमोर, म्हणजे त्याच हॉर्न वाजवणाऱ्यासमोर. चालकाला जो आडमुठेपणा वाटतो तो पुष्कळदा बचाव असतो. दारावरचा उपायही फुकटातला आहे. दार ज्या बाजूला आहे त्या बाजूच्या हातानं उघडायचं नाही, दुसऱ्या हातानं उघडायचं. मग खांदा आपोआप वळतो आणि नजर मागे जाते. ब्रिटनच्या नियमावलीत 2022 च्या बदलांमध्ये ही सवयसुद्धा आली. त्याच नियमावलीत सायकलला ओलांडताना ताशी 30 मैलांपर्यंत निदान दीड मीटर अंतर ठेवायला सांगितलंय, वेग त्याहून जास्त असेल तर अंतरही जास्त. दीड मीटर जागा नसेल तर काय? तर मागे थांबायचं. पुढच्या सिग्नलला बहुतेक वेळा दोघं शेजारी-शेजारीच उभे असतात.

इथवर वाचून सायकलवाले खूश झाले असतील. आता त्यांच्याबद्दल.

सायकलस्वाराची मुख्य जबाबदारी म्हणजे आपण पुढच्या क्षणी काय करणार याचा इतरांना अंदाज येऊ देणं. विरुद्ध दिशेनं सायकल चालवण्यासारखी घातक सवय दुसरी नाही आणि तिचं समर्थन सर्वांत लंगडं असतं: समोरून येणाऱ्या गाड्या दिसतात म्हणून बरं. तुम्हाला दिसतात, पण गल्लीतून मुख्य रस्त्यावर येणारा चालक ज्या बाजूनं वाहनं यायला हवीत त्या बाजूला बघत असतो. तुम्ही त्याच्या पाठीमागून येता. शिवाय समोरासमोर आल्यावर दोघांच्या वेगांची बेरीज होते आणि विचार करायला वेळ उरत नाही. रात्री दिवा न लावता जाणं याच जातीचं. समोरचा दिवा स्वतःला रस्ता दिसावा म्हणून असतो, असा अनेकांचा समज असतो. शहरात तो मुख्यतः इतरांना आपण दिसावं म्हणून असतो, मागचा लाल दिवा तर फक्त त्याचसाठी. दोन्ही कानांत गाणी, हात न दाखवता वळणं, मागे न बघता खड्डा चुकवणं, हे सगळं समोरच्याला अंधारात ठेवणं आहे. ज्याच्याकडून आपल्याला दुप्पट काळजीची अपेक्षा आहे, त्याला ती घेण्यापुरती माहिती तरी मिळाली पाहिजे.

सिग्नल तोडण्याबद्दल सायकलप्रेमींमध्ये फार कसरती चालतात. अमेरिकेतल्या आयडाहो राज्यानं 1982 पासून सायकलस्वारांना 'थांबा'च्या पाटीपाशी, कुणी येत नसेल तर, न थांबता हळू पुढे जायची मुभा दिली आहे, हा दाखला मग पुढे केला जातो. दाखला खरा आहे. पण तिथे तो कायदा आहे, म्हणून तिथल्या चालकाला ते अपेक्षित आहे. इतरत्र प्रत्येक जण आपापला आयडाहो करू लागला तर अंदाज येण्याचं जे मूळ तत्त्व, तेच मोडतं. मात्र एक गोष्ट नोंदवायला हवी. सिग्नल तोडणारा सायकलवाला सगळ्यांना दिसतो आणि लक्षात राहतो. 50 च्या रस्त्यावर 65 नं जाणारा चालक कुणाला दिसत नाही, कारण सगळेच तसे चाललेले असतात. दोन्ही नियमभंगच, पण दुसऱ्यानं माणसं जास्त मरतात.

हेल्मेटबद्दल थोडक्यात. घालावं. पण ते काय करू शकतं याची मर्यादाही कळायला हवी. सायकलच्या हेल्मेटची युरोपीय चाचणी सुमारे दीड मीटर उंचीवरून सपाट पृष्ठभागावर पाडून, ताशी 20 किलोमीटरच्या आसपासच्या आघाताला होते. सायकलवरून पडण्यासाठी ते बनवलेलं आहे, 50 च्या वेगानं येणाऱ्या मोटारीसाठी नाही. अपघाताच्या बातमीत 'सायकलस्वारानं हेल्मेट घातलं नव्हतं' हे वाक्य आवर्जून येतं, मोटारीचा वेग किती होता हे मात्र बहुतेकदा येत नाही. तसंच सायकलला नंबरप्लेट आणि विमा हवा, ही मागणी. स्वित्झर्लंडमध्ये सायकलसाठी विम्याचा स्टिकर सक्तीचा होता, 2011 संपताना त्यांनी तो बंद केला. सायकलमुळे इतरांचं होणारं नुकसान बहुतेकांच्या खासगी विम्यात आधीच धरलेलं होतं, त्यासाठी वेगळी यंत्रणा चालवणं परवडत नव्हतं.

आता तो तिसरा, म्हणजे रस्ता आखणारा, बांधणारा आणि त्यावरची वेगमर्यादा ठरवणारा. स्वीडनच्या संसदेनं 1997 मध्ये 'व्हिजन झीरो' धोरण स्वीकारलं. त्यातली जबाबदारीची मांडणी मला आजवरची सर्वांत प्रामाणिक वाटते. रस्ता वापरणाऱ्यांनी नियम पाळायचे. पण ते चुकणार, माणसं आहेत म्हणून चुकणारच. ते चुकल्यावर कुणाचा जीव जात असेल तर व्यवस्था आखणाऱ्यांनी ती बदलायची. चुकीची शिक्षा मृत्यू असू नये, एवढंच त्यामागचं म्हणणं. हे गृहीत धरलं की पट्टा मारून सायकल मार्ग केल्याचं समाधान टिकत नाही. ताशी 60 नं धावणाऱ्या ट्रकला पांढरा रंग अडवत नाही. उंचवट्यानं वेगळा केलेला मार्ग, चौकात सायकलसाठी आधी सुटणारा सिग्नल, वळताना चालकाला वेग कमी करायलाच लावणारा आखूड कोपरा, या गोष्टी दोघांच्याही चुका पोटात घालतात. नॉर्वेतल्या ऑस्लोनं शहराच्या मध्यभागातलं रस्त्याकडेचं पार्किंग मोठ्या प्रमाणावर काढलं, वेगमर्यादा खाली आणल्या. 2019 मध्ये तिथे रस्त्यावर एकही पादचारी किंवा सायकलस्वार मेला नाही. तिथले चालक त्या वर्षी अचानक साधुसंत झाले होते, असं मानायला आधार नाही.

नेदरलँड्सही मुळापासून सायकलींचा स्वर्ग नव्हता. 1971 मध्ये तिथे वाहतुकीत 400 हून अधिक मुलं गेली आणि त्यानंतर पालक रस्त्यावर उतरले. त्यांच्या चळवळीचं नावच 'मुलांची हत्या थांबवा' असं होतं. मागण्या चालकांनी जपून चालवावं एवढ्यापुरत्या राहिल्या नाहीत, रस्तेच बदला, असा धोशा त्यांनी लावला. आज त्याच देशात रस्त्यावर मरणाऱ्यांत मोटारीतल्यांपेक्षा सायकलस्वार जास्त असतात. सायकलविरोधक हा आकडा मिटक्या मारत सांगतात. त्यात वयस्कर माणसं बरीच आहेत, विजेवरच्या सायकली आहेत आणि मोटारीचा संबंधच नसलेली पडापडही आहे. म्हणजे मोटारीचा धोका आवाक्यात आणल्यावर सायकलस्वाराचा स्वतःचा वाटा, त्याचा वेग, त्याचा तोल, त्याचं वय, हे पुढचं काम म्हणून समोर आलं आहे. ज्यांनी पहिलंच काम केलेलं नाही, त्यांनी या दुसऱ्या कामाकडे बोट दाखवू नये.

तोवर काही लहानसहान गोष्टी करता येतात आणि त्या करून पाहिलेल्याही आहेत. लंडनच्या पोलिसांनी सायकलस्वारांना उभ्या ट्रकच्या केबिनमध्ये बसवून तिथून काय दिसत नाही ते दाखवण्याचा उपक्रम चालवला. ब्रिटनमध्ये ट्रकचालकांच्या प्रशिक्षणात त्यांना सायकलवर बसवून वाहत्या रस्त्यावर नेणारे वर्गही आहेत. मोटारीचा परवाना देण्यापूर्वी प्रत्येकाला गजबजलेल्या रस्त्यावर निदान तासभर सायकल चालवायला लावावी, असं माझं मत आहे. धडधाकट माणसाला यात अवघड काही नाही, ज्यांना शारीरिक अडचण आहे त्यांच्यासाठी दुसरी सोय करता येईल. आणि त्या तासासाठी सुरक्षित रस्ता सापडत नाही, अशी परवाना देणाऱ्या खात्याचीच तक्रार आली, तर ती रस्ते बांधणाऱ्या खात्याकडे लेखी पाठवावी.